तांबोल्याचा दुसरा डाव

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

वही लिहायची सवय मला नाही. पण क्लिनिकमधली डॉक्टरीण म्हणाली, रक्तदाब एकशेसाठ-शंभर आहे, गोळी वाढवून देते, आणि राग आला की बोलू नका, लिहा. मी म्हटलं, बाई, मग मला दिवसाला एक वही लागेल. ती हसली नाही. शेजारी बसलेली छाया मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. बायकोने तरी बाजू घ्यावी.

नव्या वहीत पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं असतं. तर सूर्यकांत, वय बावन्न, मूळ पुणे, मुक्काम अजमान, नोकरी दुबईत. आमची कंपनी ऑनलाइन कॅसिनोचं सॉफ्टवेअर बनवते. खेळणारे सगळे परदेशातले, आमचे खेळ इथे उघडतसुद्धा नाहीत. मी टेस्टिंगचा प्रमुख, म्हणजे माझ्या सहीशिवाय एकही खेळ बाहेर जात नाही. पुण्यात आईला आणि इथे मराठी मंडळात मी 'गेमिंग' एवढंच सांगतो. लोकांना वाटतं लहान मुलांचे खेळ. वाटू दे, माझं काय जातंय.

आजचा राग म्हणजे सुमैय्या. वय चोवीस, माणसं खेडची, वाढली शारजात, माझ्या हाताखाली येऊन आठ महिने झाले. घरी कोकणी, माझ्याशी मराठी, आणि तोंडात सारखं 'पण सर'. आमचा नवा फळांचा खेळ आहे. चक्रं फिरतात, तीन डाळिंबं जुळली की पैसे. ही म्हणते, "सर, बंद करून परत चालू केलं की दर वेळी तीच फळं त्याच क्रमाने येतायत."

मी सांगितलं, अगं, टेस्टिंगसाठी आपण यंत्राला एक ठरावीक आकडा देतो, त्याला सीड म्हणतात. सीड तोच ठेवला की क्रम तोच येतो, म्हणजे सापडलेली चूक परत घडवून बघता येते. लोकांसाठी सोडताना तो काढतात. पहिल्या आठवड्यात शिकवलंय हे.

"पण सर, मी टेस्टचं बिल्ड नाही बघितलं. लोकांसाठी सोडायचं, रिलीजचं बघितलं."

तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे करतोय, म्हटलं. तिने रीतसर तक्रार सिस्टिममध्ये टाकली होती. मी ती बंद केली आणि खाली शेरा मारला, 'टेस्ट बिल्डमध्ये असंच होतं. वेळ घालवू नये.' आता बरं वाटतंय. डॉक्टरीण हुशार आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

मंडळाच्या अध्यक्षाचा, उपेंद्रचा फोन. शनिवारी दिवाळी स्नेहसंमेलन आहे आणि तांबोला मी करून द्यायचा. "सूर्यकांत, तू असताना बाहेरून कशाला आणायचं? तुझं तर कामच ते." माझं काम! यांना वाटतं, सॉफ्टवेअरवाला म्हटला की त्याने प्रिंटरपासून तांबोल्यापर्यंत सगळं करावं.

छाया म्हणाली, तयार ॲप मिळतं, वीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपये पण नाहीत, घेऊन टाका. मी म्हटलं, घरचं दूध असताना पिशवीचं कशाला? आमच्या प्रत्येक खेळात आकडे काढणारा एक भाग असतो. तेवढा रिलीजच्या फोल्डरमधून पेन ड्राइव्हवर घेतला की तासाभरात तांबोला तयार. करारात लिहिलंय की कंपनीचा कोड घरी नेला तर नोकरी तिथल्या तिथे खलास. पण असं लिहितातच. मी काय तो विकायला निघालोय?

बुधवार, ५ नोव्हेंबर

फळांच्या खेळावर सही केली. मंगळवारी, अकरा तारखेला बाहेर जाणार. आमचा साहेब नीरव, सुरतचा, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सूर्यकांतभाई, पक्का?" मी म्हटलं, पक्का. सुमैय्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलू नकोस बाई, तेवढीच शांतता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज जे झालं ते कुठून लिहू कळत नाही. सुरुवातीपासूनच लिहितो.

शारजात हॉल, चाळीस कुटुंबं, फराळ, मुलांचे नाच, मग तांबोला. पैसे लावायचे नाहीत, इथे तसला धंदा म्हणजे पोलिसाला घरी जेवायला बोलावणं. म्हणून बक्षिसं वस्तूंची, फुल हाउसला कुकर. प्रत्येकाच्या मोबाइलवर तिकीट गेलं, पडद्यावर आकडे आले, सगळं लोण्यासारखं. पहिल्या डावात फुल हाउस छायाला. टाळ्या पडल्या. "घरचाच भटजी," कोणीतरी म्हणालं, पण हसत.

मग पडदा अडकला म्हणून मी लॅपटॉप बंद करून परत चालू केला. दुसरा डाव. उपेंद्र माइकवर. पहिला आकडा एकतीस. दुसरा आठ.

पुढच्या रांगेत उपेंद्रची आई बसली होती. कुंदाकाकू, ठाण्याहून आल्यात, पोस्टातून रिटायर. त्यांचा यंत्रावर विश्वास नाही, म्हणून पहिल्या डावातले सगळे आकडे त्यांनी पत्रिकेच्या पाठीमागे क्रमाने लिहून घेतले होते. त्या चष्म्यातून बघत शांतपणे म्हणाल्या, "आता बासष्ट."

बासष्ट आला. लोक हसले.

"आता पाच."

पाच आला. हसणारे थोडे कमी झाले.

"आता सत्तेचाळीस बघा."

सत्तेचाळीस आला तेव्हा लोक आपापला मोबाइल सोडून कुंदाकाकूंच्या कागदाकडे बघायला लागले. उपेंद्र माइक धरून माझ्याकडे बघत राहिला. आमची दिया, वय सतरा, मागून म्हणाली, "बाबा, इट्स द सेम लिस्ट." आणि छाया मोबाइल बघून म्हणाली, "अहो, माझं तिकीटपण मघाचंच आहे."

म्हणजे कुकर परत माझ्याच बायकोला. चाळीस कुटुंबांसमोर. धरणी दुभंगली असती तर मी लॅपटॉपसकट आत गेलो असतो.

छायाने काय करावं? उठली, मिळालेला कुकर टेबलावर परत नेऊन ठेवला, आणि म्हणाली, "माझं नाव दोन्ही डावांतून काढा. कोणीतरी चिठ्ठ्या करा, लाडवांचा डबा मोकळा झालाय." पुढचा डाव डब्यातल्या चिठ्ठ्यांवर झाला आणि लोकांना तोच जास्त आवडला.

कुंदाकाकू जवळ आल्या. त्यांना मी सीड म्हणजे काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या त्या पत्त्यांच्या आणि चक्रांच्या खेळातपण असंच होतं का हो? आधी सांगायचंत, मी पेन्शन लावली असती." पत्ते आणि चक्रं त्यांना कुठून सुचली देव जाणे. म्हाताऱ्या माणसांचं डोकं कुठेही जातं.

पण त्यांच्या त्या बोलण्यावरून मला आठवलं. मी तो भाग टेस्टच्या फोल्डरमधून घेतलाच नव्हता. रिलीजच्या फोल्डरमधून घेतला होता. सुमैय्या बरोबर होती. सीड आत राहिलाय, आणि त्यावर माझी सही आहे, आणि मंगळवारी तो खेळ बाहेर जाणार. तिकडे कोणी एक कुंदाकाकू कागद-पेन घेऊन बसली की पुढचं फळ तिला आधी कळणार. ज्याला खेळ विकला तो कॅसिनो बुडेल, आमचा परवाना जाईल, चाळीस माणसांची नोकरी जाईल.

परतताना गाडी मी चालवत होतो. दियाने हेडफोन लावले होते. छायाने फक्त माझ्या हातावर हात ठेवला, तोही सिग्नल सुटेपर्यंत.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळपासून बसून विचार करतोय. गप्प राहिलो तर सगळं बुडतं. सांगितलं तर नीरव विचारणार, कळलं कसं? मग तांबोला, मग पेन ड्राइव्ह, मग करार, मग मी घरी. घरी म्हणजे अजमानच्या घरी नव्हे. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि दियाची बारावीची परीक्षा चार महिन्यांवर.

तिसरा रस्ता सुचला. म्हणायचं, रविवारी बसून परत टेस्ट केलं आणि सापडलं. मग आठवलं, कंपनीच्या सिस्टिममध्ये कोण कधी आत गेलं त्याची नोंद असते. चौथा सुचला. म्हणायचं, सुमैय्याच्या तक्रारीवर परत विचार केला. छाया पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ती तक्रार तुम्हीच बंद केलीत ना?" या बाईला मी सगळं सांगतो हीच माझी चूक आहे.

"अहो, एक खोटं निस्तरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. तुमची तेवढी आठवण आहे का? परवा दूध आणायला गेलात आणि कोथिंबीर घेऊन आलात."

दिया म्हणाली, "जस्ट टेल देम, बाबा. व्हॉट्स द वर्स्ट?" वर्स्ट काय ते मी तिला सांगितलं नाही.

दुपारी सुमैय्याचे दोन फोन आले. उचलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी फोन घेत नाही हे तिला माहीत आहे. मग मेसेज आला, 'सर, अर्जंट आहे, प्लीज.' उघडला नाही. खरं लिहायचं तर उघडायची हिंमत झाली नाही.

छायाने आज कपाट आवरायला काढलं. पासपोर्ट, दियाच्या मार्कशीट, लग्नाचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं, आणि पुण्याला तिच्या बहिणीशी दियाच्या कॉलेजबद्दल अर्धा तास बोलत होती. आजच कशाला हे सगळं? माझ्या डोक्याला इथे एवढा ताप आणि हिला आवराआवर सुचते.

सोमवार, १० नोव्हेंबर

सांगून टाकलं.

पहाटे निघालो, शारजाची गर्दी लागायच्या आत. दुबईत पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. मनात म्हटलं, दहाला नीरव येईल, तोपर्यंत कबुलीचं पत्र टाइप करू. वर गेलो तर नीरव आलेला. नऊच्या आत त्याला मी सात वर्षांत पाहिलेलं नाही. सुमैय्याही आलेली, डोळे लाल, माझ्याकडे बघेना. आणि आजच्या कामांच्या बोर्डावर फळांच्या खेळासमोर 'थांबवलं आहे' असं लिहिलेलं. म्हटलं, सर्व्हरचं काहीतरी असेल, बरंच झालं, तेवढाच वेळ मिळाला.

पावणेनऊला मी आत गेलो.

"बैठिए, सूर्यकांतभाई. चाय?"

नको म्हटलं.

"बोलिए," म्हणाला आणि हात बांधून बसला. मी बोललो. आधी सीड, मग सुमैय्याची तक्रार आणि माझा शेरा, मग माझी सही. इथेच थांबता आलं असतं. मनात आलं होतं की एवढ्यावर भागवावं. पण छायाचं ते कोथिंबिरीचं आठवलं. पेन ड्राइव्हचंही सांगितलं.

"घर ले गए? किसलिए?"

"तांबोला के लिए."

"तांबोला?"

"दिवाली का प्रोग्राम था. मराठी मंडळ का."

त्याने खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. रागाने असावेत. बऱ्याच वेळाने वळला, डोळे पुसले, आणि म्हणाला की लॅपटॉप ठेवून जा, एचआर ठरवेल.

एक गोष्ट खटकली. मी एवढं सांगितलं, पण त्याने एकदाही विचारलं नाही की हे खरं आहे का, सीड खरंच आत आहे का. मोठा धक्का बसल्यासारखंही दिसला नाही. कोणाला तपासायलाही पाठवलं नाही. आतल्या गाठीचा माणूस.

घरी आलो आणि दुपारी दीडला गादीवर पडलो तो साडेपाचला उठलो. दोन रात्रींत पहिल्यांदा झोप लागली. नोकरी जाणार हे पक्कं, तरी झोप लागली. माझं मलाच नवल वाटतंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घरी. फोन नाही. दिया शाळेतून आल्यावर माझ्याशेजारी बसून गणितं सोडवत होती, एरवी दार लावून घेते. संध्याकाळी उपेंद्रचा फोन, लोक अजून हसतायत, पुढच्या वर्षी परत तूच तांबोला करायचास. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी कुठे असेन सांगता येत नाही. त्याने हसणं थांबवलं. मग म्हणाला, "काही लागलं तर फोन कर. मी सिरियसली बोलतोय." माणूस तसा बरा आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अकराला बोलावलं. एचआरची बाई, नीरव आणि सुमैय्या. तक्रार पडद्यावर लावली आणि माझा इंग्रजीतला शेरा एचआरने मोठ्याने वाचून दाखवला. 'वेळ घालवू नये' हे इंग्रजीत तर आणखीच वाईट वाटतं. कान गरम झाले.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण राहिलो. सुमैय्याला म्हटलं, "तू बरोबर होतीस. मी बघितलंसुद्धा नाही. चुकलो मी." ती मान खाली घालून म्हणाली, "ठीक आहे, सर." नाक ओढलं आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेली.

निकाल: लेखी ताकीद. वर्षाचा बोनस गेला. पेन ड्राइव्ह नीरवने ड्रॉवरमध्ये टाकला. आणि यापुढे खेळ बाहेर जाताना पहिली सही सुमैय्याची, मग माझी. नोकरी राहिली.

नोकरी राहिली! मी परत विचारलं, एचआरच्या बाईने परत सांगितलं. जीव भांड्यात पडला. नीरव म्हणाला, "आप खुद आके बोले, इसलिए. बस वही एक बात थी." हे मात्र मला आवडलं. मी बोललो म्हणून कंपनी वाचली, हे त्याने मानलं तरी.

पहिली सही माझ्या हाताखालच्या मुलीची. एरवी मी छत डोक्यावर घेतलं असतं. आज वाईट वाटेल म्हणून बराच वेळ वाट पाहिली, पण वाटलंच नाही. दर सहीनंतर आठ-आठ दिवस छातीवर एक दगड असायचा, तो आता अर्धा दुसऱ्याच्या छातीवर गेला. आणि तिचं वय सोसायचं आहे.

खाली आलो आणि गाडीत बसून छायाला फोन लावला. "राहिली," एवढंच म्हणालो. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येताना दूध आणा." आवाज वेगळा लागत होता, सर्दी झाली असावी.

दूध आणलं. विसरलो नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मधले दिवस काही लिहिलं नाही, राग असा आलाच नाही. काल रक्तदाब एकशेतीस-चौऱ्याऐंशी. डॉक्टरीण म्हणाली, वही चालू ठेवा.

आज फळांचा खेळ बाहेर गेला. सकाळी सुमैय्याने माझ्यासमोर वीस वेळा बंद करून चालू केला. वीसही वेळा वेगळी फळं. तिने सही केली, मग मी केली. नीरवने सगळ्यांना कुनाफा मागवला, ती इथली अरबी मिठाई, वर पिस्ता भरपूर.

कुनाफा खाताना सुमैय्या माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, एक सांगू? रागावू नका. त्या सोमवारी तुम्ही पावणेनऊला नीरवसरांच्या केबिनमध्ये गेलात ना, तेव्हा मी बाहेर दुआ मागत होते."

"कशाची?"

"तुम्ही स्वतःहून बोलावं म्हणून. बाहेर येईपर्यंत मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता."

मला भरून आलं. जिला मी आगाऊ म्हणत होतो ती पोरगी माझ्यासाठी देवाला सांगत होती. मी तिला माझ्यातला अर्धा कुनाफा दिला. मी काय बोलायला आत जातोय हे तिला कसं ठाऊक होतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. चेहऱ्यावरून कळलं असेल, माझा चेहरा काही लपवत नाही.

संध्याकाळी छायाला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता थांबली. म्हणाली, "परत सांगा. रविवारी तिचे फोन आले होते ना, तुम्ही न उचललेले? आणि सोमवारी तुम्ही पोचलात तेव्हा नीरव आधीच आलेला होता?"

"हो. आणि खेळ बोर्डावर आधीच थांबवलेला होता. सांगितलं ना तुला."

ती हात तसेच कणकेने भरलेले घेऊन खुर्चीवर बसली. आधी हसायला लागली, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदम. मी विचारत राहिलो, काय झालं, काय झालं. तिने मनगटाने डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, वाचलात हो तुम्ही."

"ते तर तेरा तारखेला, गुरुवारी अकराला ठरलं," मी म्हटलं.

"गुरुवारी नाही," ती म्हणाली, "सोमवारी पावणेनऊला."

बायकांची तारीख-वार लक्षात ठेवायची पद्धत वेगळीच असते. मी वाद घातला नाही. तिने माझ्या गालाला कणकेचाच हात लावला, मग उठून पोळ्या लाटल्या, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो.